स्वतःची एक्सेप्शन्स नक्की कधी बनवायची, किती बनवायची आणि त्यात काय ठेवायचं?

मुक्तछंद
नमस्कार मंडळी, जावामध्ये वाचनालयाचं एक ॲप लिहितेय, सभासद, पुस्तकं, देवघेव आणि आरक्षण एवढंच आहे त्यात. सुरुवातीला मी चुकीची कुठलीही गोष्ट झाली की सरळ रनटाइमएक्सेप्शन (चूक झाल्याचा निरोप देणारा जावाचा तयार क्लास) थ्रो करायचे, म्हणजे वर फेकायचे, आत मेसेज लिहायचा आणि पुढे जायचं. मग कंट्रोलरमध्ये, म्हणजे स्क्रीनवरून आलेली विनंती हाताळणाऱ्या भागात, कळायला हवं की नक्की काय झालंय, म्हणून तिथे मेसेजचा मजकूर तपासायला लागले, म्हणजे मेसेजमध्ये "पुस्तक उपलब्ध नाही" असं असेल तर आरक्षणाचं बटण दाखव, नसेल तर नुसती एरर दाखव. दोन महिने नीट चाललं. परवा टीममधल्या एकाने तो मेसेज बदलून "पुस्तक सध्या उपलब्ध नाही" केला, मजकूर वाचायला बरा वाटतो म्हणून, आणि आरक्षणाचं बटण गायब झालं. कंपायलर गप्प, टेस्ट पास, आणि लोकांना आरक्षण करता येईना.

मग मी इरेला पेटून सगळ्यासाठी क्लास बनवले. आता २३ आहेत. सभासदसापडलानाही, सभासदत्वसंपलं, मर्यादासंपली, पुस्तकसापडलंनाही, पुस्तकउपलब्धनाही, आयएसबीएनचुकीचा, नावरिकामं... प्रत्येकात फक्त एक कन्स्ट्रक्टर आणि मेसेज. (नावं इथे समजायला मराठीत लिहितेय.) आता कंट्रोलरमध्ये कॅचची, म्हणजे एक्सेप्शन पकडणाऱ्या ब्लॉकची, रांग लागलीय आणि त्यातले बहुतेक ब्लॉक अगदी सारखे आहेत. हे बरोबर नाही हे दिसतंय पण नक्की कुठे चुकलं ते कळत नाहीये. कोणी नीट समजावून सांगेल का?

रात्रपाळी
मुक्तछंद, तुझी पहिली अडचण खरी होती आणि क्लास बनवायचा निर्णयही बरोबर होता, फक्त किती बनवायचे हे ठरवायला मोजमाप हवं होतं. मी एकच प्रश्न विचारतो: हे एक्सेप्शन कोणी तरी वेगळं ओळखून वेगळं वागणार आहे का? वागणार असेल तर त्याला स्वतःचा क्लास हवा. सगळे जण तेच करणार असतील, म्हणजे लॉग करायचं आणि "काही तरी चुकलं" दाखवायचं, तर वेगळ्या क्लासची गरज नाही.

तुझ्याच यादीवर लावून बघ. पुस्तकउपलब्धनाही, इथे तू आरक्षणाचं बटण दाखवतेस, म्हणजे वागणूक वेगळी, क्लास हवा. मर्यादासंपली, इथे बहुतेक "आधी एक पुस्तक परत करा" आणि घेतलेल्या पुस्तकांची यादी दाखवशील, तोही हवा. पण आयएसबीएनचुकीचा आणि नावरिकामं? दोन्हीकडे सांगायचं एकच, की दिलेली माहिती चुकीची आहे. त्यासाठी जावात इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन आधीपासून आहे, वाचणाऱ्यालाही ते लगेच कळतं. जे तयार आहे आणि ज्याचा अर्थ जुळतो ते वापरावं. तसंच ऑब्जेक्ट चुकीच्या अवस्थेत असताना कोणी मेथड बोलावली तर इलीगलस्टेटएक्सेप्शन आहेच.

दुसरं म्हणजे, उरतील त्या सगळ्यांना एक समान आई दे. वाचनालयएक्सेप्शन नावाचा एक ॲबस्ट्रॅक्ट क्लास, तो रनटाइमएक्सेप्शनला एक्स्टेंड करेल आणि बाकीचे त्याला एक्स्टेंड करतील. मग ज्याला फरक करायचाय तो नेमकं पकडेल आणि ज्याला नाही करायचा तो फक्त आईला पकडेल. कॅच लिहिताना लेक आधी आणि आई नंतर हे लक्षात ठेव, उलटं लिहिलंस तर जावा कंपाइलच होऊ देणार नाही, सांगेल की हे आधीच पकडून झालंय. सगळ्या भाषा इतक्या दयाळू नसतात, पायथॉनमध्ये वरचा ब्लॉक मुकाट्याने चालतो आणि खालचा कधीच चालत नाही.

तळटीप
रात्रपाळी यांच्याशी सहमत. पण माझ्या मते २३ क्लासपेक्षा मोठी गडबड "प्रत्येकात फक्त एक कन्स्ट्रक्टर आणि मेसेज" या वाक्यात आहे. क्लास वेगळा करून जर आत फक्त मजकूरच ठेवला तर अर्धाच फायदा झाला.

पुस्तकउपलब्धनाही हेच घ्या. पकडणाऱ्याला काय हवंय? कुठलं पुस्तक, ते परत कधी येणार, आरक्षणाच्या रांगेत आधीच किती जण आहेत. हे सगळं फील्ड म्हणून ठेवा, फायनल करा, गेटर द्या. कन्स्ट्रक्टरला पुस्तकक्रमांक आणि परतीची तारीख द्यायची आणि मेसेज आत क्लासनेच तयार करायचा, बाहेरून स्ट्रिंग मागायचीच नाही. असं केलं की उद्या कोणी मेसेज हवा तसा बदलू दे, कोणाचंही बटण गायब होणार नाही कारण मेसेजवर कोणी अवलंबूनच नाही. मेसेज हा लॉग वाचणाऱ्या माणसासाठी आणि फील्ड हे कोडसाठी, ही वाटणी एकदा डोक्यात बसली की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात.

आणि कॉज! कृपया कॉज विसरू नका. जावा १.४ पासून, म्हणजे २००२ पासून, एका एक्सेप्शनच्या पोटात मूळ एक्सेप्शन ठेवायची सोय आहे आणि अजूनही लोक ते टाकून देतात. माझ्या एका जुन्या नोकरीत डेटा लेयरमध्ये असं लिहिलेलं होतं की एसक्यूएलएक्सेप्शन पकडायचं आणि सेव्हझालंनाही नावाचं आपलं एक्सेप्शन थ्रो करायचं, बस, मूळ ऑब्जेक्ट पुढे द्यायचाच नाही. एका रात्री नोंदी सेव्ह होईनात. लॉगमध्ये शेकडो ओळी, प्रत्येकीत "डेटा सेव्ह झाला नाही", आणि स्टॅक ट्रेस (कुठल्या मेथडमधून कुठे आलो त्याची यादी) आमच्याच कॅच ब्लॉकपाशी संपलेला. कनेक्शन गेलं की जागा संपली की कॉलम लहान पडला, काहीच कळायला मार्ग नाही. शेवटी पहाटे आम्ही त्या एका ओळीत कॉज घालून नवीन बिल्ड चढवला, तेव्हा दहा मिनिटांत दिसलं की एका कॉलमची लांबी पुरत नव्हती. चार तास गेले होते, आणि दुरुस्ती होती कन्स्ट्रक्टरला दुसरा पॅरामीटर देण्याची. तेव्हापासून रिव्ह्यूमध्ये कॅचच्या आत थ्रो दिसला की मी सगळ्यात आधी मूळ ऑब्जेक्ट पुढे दिलाय का ते बघतो. आणि मूळ एक्सेप्शनचा मेसेज काढून आपल्या मेसेजला चिकटवणं म्हणजे कॉज देणं नव्हे, त्यात ट्रेस हरवतो.

हिरवळ
खूप छान चर्चा चाललीय, एक प्रश्न मधेच विचारते. रात्रपाळींनी आई क्लास रनटाइमएक्सेप्शनपासून काढायला सांगितला. आम्हाला शिकवताना नेहमी एक्सेप्शनपासून काढतात, मग कंपायलर मेथडवर थ्रोज लिहायला लावतो, हे चेक्ड; रनटाइमएक्सेप्शनपासून काढलेलं अनचेक्ड, त्याला ही सक्ती नाही. चेक्ड आणि अनचेक्डमध्ये नक्की निवडायचं कसं?

अर्धविराम
माझं मत इथे बहुतेकांपेक्षा वेगळं आहे, मला चेक्ड आवडतात. मेथडच्या सहीवरच लिहिलेलं असतं की इथे हे होऊ शकतं, तू याचा विचार कर. अनचेक्ड असलं तर बोलावणाऱ्याला कळणार कसं? डॉक्युमेंटेशन वाचून? ते कोण वाचतं आणि कोण ताजं ठेवतं. ज्या अडचणीतून बोलावणारा खरोखर काही मार्ग काढू शकतो तिथे कंपायलरने आठवण करून देण्यात काय वाईट आहे.

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, पुस्तक दुसऱ्याकडे असणं हा अपवाद आहे का? वाचनालयात ही रोजची गोष्ट आहे. जे रोज होतं त्याला थ्रो कशाला करायचं, मेथडने उत्तर म्हणूनच परत द्यावं: एक तर देवघेवीची नोंद, नाही तर "नाही, अमुक तारखेला येईल". जावा १७ मध्ये (२०२१) सील्ड क्लास पक्के झालेत, त्यात निकालाचे प्रकार ठरवून देता येतात. नुसतं असणं-नसणं असेल तर ऑप्शनल पुरतं. शब्दच सांगतोय बघा, एक्सेप्शन म्हणजे अपवाद.

रात्रपाळी
अर्धविराम, तुमचा दुसरा मुद्दा मला पटतो आणि मुक्तछंदने त्याचा विचार नक्की करावा. "पुस्तक शोध" असं विचारल्यावर न सापडणं हे उत्तर आहे, तिथे ऑप्शनल. पण "हे पुस्तक या सभासदाला दे" असा हुकूम असेल आणि तो पाळता येत नसेल, आणि ही मेथड चार थर खाली असेल, तर प्रत्येक थरात निकाल तपासत वर आणण्यापेक्षा मी थ्रो करीन. हुकूम आणि चौकशी यात हा फरक मी करतो.

चेक्डचं मात्र माझं पटत नाही, आणि ते तत्त्वापेक्षा अनुभवामुळे. खालच्या एका मेथडने नवीन चेक्ड एक्सेप्शन सुरू केलं की वरच्या सगळ्यांच्या सह्या बदलतात, मग कंटाळून कोणी तरी रिकामा कॅच लिहितो आणि एरर तिथेच मरते. जावा ८ मध्ये (२०१४) लॅम्डा (नाव नसलेली छोटी फंक्शन्स) आले तेव्हा हे आणखी बोचायला लागलं, कारण फंक्शनसारख्या इंटरफेसच्या मेथडवर थ्रोज नाहीच, मॅपच्या आत चेक्ड एक्सेप्शनवाली मेथड बोलावली की कंपायलर अडवतो. त्याच आवृत्तीत जावाने स्वतः अनचेक्डआयओएक्सेप्शन आणलं. सी शार्प आणि कोटलिन यांनी चेक्ड ठेवलेच नाहीत. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कने डेटाबेसची सगळी एक्सेप्शन्स डेटाॲक्सेसएक्सेप्शनच्या खाली अनचेक्ड करून टाकली.

हिरवळ, स्प्रिंग वापरत असाल तर एक खड्डा आताच दाखवून ठेवतो, मी त्यात पडलोय. ट्रान्झॅक्शनल लावलेल्या मेथडमधून रनटाइमएक्सेप्शन बाहेर पडलं तर ट्रान्झॅक्शन (एकत्रच व्हायचे डेटाबेसमधले बदल) मागे फिरतं. चेक्ड बाहेर पडलं तर, मुद्दाम काही सांगितलं नसेल तर, फिरत नाही, कमिट होतं, म्हणजे बदल पक्के होतात! आमच्याकडे एकाने चांगल्या हेतूने आपलं एक्सेप्शन अनचेक्डचं चेक्ड केलं, एक्स्टेंड्सच्या पुढचा एक शब्द बदलला फक्त, आणि त्या दिवसापासून अर्धवट नोंदी डेटाबेसमध्ये राहायला लागल्या. पहिली नोंद गेलेली, दुसरीच्या वेळी एक्सेप्शन, आणि पहिली तशीच. मुक्तछंदच्या ॲपमध्ये याचा अर्थ असा की पुस्तक "दिलं" म्हणून नोंदलं जाईल पण कोणाला दिलं ते नसेल. चेक्ड ठेवायचंच असेल तर रोलबॅकफॉर (कुठल्या एक्सेप्शनला मागे फिरायचं ते सांगणारी सेटिंग) लिहायला विसरू नका.

अर्धविराम
हा ट्रान्झॅक्शनचा मुद्दा गंभीर आहे, मान्य. पण तो त्या फ्रेमवर्कच्या ठरवलेल्या नियमाचा परिणाम आहे, चेक्डचा दोष मी म्हणणार नाही. रिकाम्या कॅचबद्दल मात्र तुमच्याइतकाच संताप मलाही येतो. विशेषतः इंटरप्टेडएक्सेप्शन पकडून गप्प बसणारे, निदान थ्रेडचा इंटरप्टचा झेंडा परत तरी लावा, नाही तर वरच्याला कधी कळणारच नाही की थांबायला सांगितलं होतं.

सापशिडी
पायथॉनवाल्यांची बाजू मांडतो. आमच्याकडे क्लास बनवणं इतकं सोपं आहे, एक ओळ आणि पास, की लोक विचारच करत नाहीत. दोन-तीन गोष्टी सांगतो ज्या मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

बेसएक्सेप्शनला कधी एक्स्टेंड करू नका, एक्सेप्शनलाच करा. कीबोर्डइंटरप्ट २.५ मध्ये (२००६) मुद्दाम एक्सेप्शनच्या बाहेर काढून थेट बेसएक्सेप्शनखाली ठेवलं, म्हणजे "एक्सेप्ट एक्सेप्शन" लिहिणारा प्रोग्रॅम कंट्रोल-सी दाबल्यावर थांबेल. तुमचं एक्सेप्शन त्या वरच्या रांगेत बसवलंत तर कोणाच्याच जाळ्यात सापडणार नाही. तळटीप यांनी सांगितलेला कॉज आमच्याकडे "रेझ फ्रॉम" ने देतात, पायथॉन ३ पासून आहे. फ्रॉम नाही लिहिलं तरी मूळ एरर छापली जाते, पण मग मधे असं वाक्य येतं की पहिली एरर हाताळताना दुसरीच आली, जणू तुमचा हाताळणारा कोडच बिघडलाय. फ्रॉम लिहिलं की स्पष्ट होतं की हे त्याच्यामुळे झालं.

आता खरी जखम. मी एक एक्सेप्शन लिहिलं होतं, इनिटमध्ये (म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये) दोन पॅरामीटर, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक, आणि आत सुपरच्या इनिटला तयार केलेला मेसेज दिला. दिसायला अगदी स्वच्छ. मग तेच काम मल्टिप्रोसेसिंगच्या पूलमध्ये टाकलं आणि एका फाइलला एरर आल्यावर सगळा प्रोग्रॅम लटकला, आणि ट्रेसमध्ये काय तर टाइपएरर, एक पॅरामीटर कमी पडतोय. माझी मूळ एरर कुठेच नाही! कारण असं: एक्सेप्शन एका प्रोसेसमधून दुसऱ्यात पाठवताना ते पिकल होतं, म्हणजे बाइट्समध्ये बांधलं जातं, आणि तिकडे परत उभं करताना पायथॉन त्याच्या आर्ग्जमधलं सामान घेऊन क्लासला बोलावतो. मी सुपरला फक्त मेसेज दिला म्हणून आर्ग्जमध्ये एकच गोष्ट, आणि माझ्या इनिटला हव्या दोन. उपाय साधा, सुपरला दोन्ही पॅरामीटर जसेच्या तसे द्यायचे आणि मेसेज स्ट्र मेथडमध्ये तयार करायचा. हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मी सगळी जुनी एक्सेप्शन्स उघडून बसलो.

दीपमाळ
सी शार्पमधून थोडक्यात. ॲप्लिकेशनएक्सेप्शन नावाचा क्लास दिसेल, सुरुवातीला लोकांनी आपली एक्सेप्शन्स त्याच्यापासून काढावीत अशी कल्पना होती, पण त्याचा काही उपयोग झाला नाही, आता सरळ एक्सेप्शनपासूनच काढा असं मायक्रोसॉफ्टही सांगतं. पकडून परत फेकायचं असेल तर नुसतं "थ्रो" लिहा, "थ्रो ई एक्स" लिहिलंत तर स्टॅक ट्रेस तिथून नव्याने सुरू होतो आणि मूळ जागा जाते. सी प्लस प्लसवाले कोणी असतील तर त्यांच्यासाठी: व्हॅल्यूने थ्रो करा आणि कॉन्स्ट रेफरन्सने पकडा. आईच्या टाइपने व्हॅल्यू म्हणून पकडलंत तर लेकीची सगळी फील्ड कापली जातात, म्हणजे तळटीप यांनी एवढ्या तळमळीने ठेवायला सांगितलेली माहितीच हातात येत नाही.

तळटीप
दीपमाळ, त्या कापल्या जाण्याची आठवण केलीत ते बरं.

आणखी एक, मेसेज आणि फील्डमध्ये काय *नको* याबद्दल. एक्सेप्शन शेवटी लॉगमध्ये जातं, लॉग बऱ्याच जणांच्या नजरेखालून जातो आणि वर्षानुवर्षं पडून असतो. सभासदाचा फोन, पत्ता, पासवर्ड, टोकन यातलं काहीही मेसेजमध्ये घालू नका, सभासदक्रमांक पुरतो. आणि तोच मेसेज थेट स्क्रीनवर वापरणाऱ्याला दाखवू नका. त्याला टेबलचं नाव वाचून काही उपयोग नाही, आणि ज्याचा हेतू वाईट आहे त्याला मात्र उपयोग आहे.

एक्सेप्शनमधली माहिती कोणासाठी आहे हे ठरवणं किती महत्त्वाचं असतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला एरियान ५ चं वाटतं. ४ जून १९९६ ला ते रॉकेट पहिल्याच उड्डाणात उडल्यानंतर मिनिटभराच्या आत फुटलं. दिशा मोजणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना एक्सेप्शन आलं, कोड एरियान ४ वरून तसाच घेतलेला, तिथे तो आकडा एवढा मोठा कधी व्हायचाच नाही. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो: ती यंत्रणा बंद पडताना तिने बिघाडाची माहिती मुख्य कॉम्प्युटरला पाठवली, आणि त्याने ती उड्डाणाचे खरे आकडे समजून वापरली आणि रॉकेट वळवलं. बिघाड झालाय हे सांगणारा संदेशच डेटा म्हणून वाचला गेला. म्हणून मी टाइप वेगळा असण्याबद्दल इतका आग्रही आहे.

हिरवळ
अंगावर काटा आला वाचून. हे माहीत नव्हतं.

अजून एक शंका, एक्सेप्शन महाग असतात म्हणतात ते खरं का?

रात्रपाळी
महाग आहे तो स्टॅक ट्रेस गोळा करणं. जावामध्ये एक्सेप्शनचा ऑब्जेक्ट बनतानाच फिलइनस्टॅकट्रेस चालतं, स्टॅक जितका खोल तितका वेळ. जावा ७ पासून एक चार पॅरामीटरचा प्रोटेक्टेड कन्स्ट्रक्टर आहे, त्यातून ट्रेस बंद करता येतो. पण मोजल्याशिवाय त्याला हात लावू नका, ट्रेस नसलेलं एक्सेप्शन रात्री दोन वाजता शोधायला बसलात की त्याची किंमत कळते. आणि एखाद्या लूपमध्ये हजारो एक्सेप्शन्स थ्रो होत असतील तर अर्धविराम म्हणतात तसं ते अपवाद नाहीतच, तिथे निकाल परत करा.

मुक्तछंद
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून बदल केले, काय काय झालं ते लिहिते.

२३ चे ४ झाले, शिवाय एक ॲबस्ट्रॅक्ट आई. पुस्तकउपलब्धनाही, मर्यादासंपली, सभासदत्वसंपलं आणि साठवणबिघाड. पहिल्या तिघांत फील्ड आहेत, चौथ्यात कॉज सक्तीचा केला, म्हणजे त्याला फक्त मेसेज घेणारा कन्स्ट्रक्टरच ठेवला नाही, कॉज दिल्याशिवाय ते बनतच नाही. शोधायच्या मेथड सगळ्या ऑप्शनल देतात आता. अनचेक्ड ठेवली, कारण आम्ही स्प्रिंगच वापरतो आणि तो ट्रान्झॅक्शनचा किस्सा वाचून मी आधी आमच्या देवघेवीच्या मेथड तपासल्या. एका ठिकाणी खरोखर चेक्ड एक्सेप्शन बाहेर पडत होतं. अजून काही बिघडलं नव्हतं, पण बिघडलं असतं.

टेस्टसुद्धा बदलल्या. आधी मेसेज बरोबर आहे का ते तपासत होते, आता असर्टथ्रोजने जे एक्सेप्शन हातात येतं त्याचा पुस्तकक्रमांक आणि परतीची तारीख तपासते. पण एक टेस्ट पास होईना. मेथड साठवणबिघाड थ्रो करते हे डीबगरमध्ये डोळ्यांनी दिसतंय, कन्स्ट्रक्टरमध्ये थांबतंय, आणि तरी टेस्ट म्हणते काहीच थ्रो झालं नाही. दीड तास झाला. ट्राय, कॅच, फायनली असं आहे, कॅचमध्ये थ्रो आहे, फायनलीमध्ये (काहीही झालं तरी शेवटी चालणाऱ्या ब्लॉकमध्ये) कनेक्शन बंद करून स्टेटस परत करतेय.

सापशिडी
फायनलीमधला रिटर्न काढ. फायनलीमधून रिटर्न केलं की वर निघालेलं एक्सेप्शन तिथेच टाकून दिलं जातं, कसलीही खूण न ठेवता. पायथॉनमध्येही अगदी असंच होतं.

तळटीप
हेच. आणि कनेक्शन बंद करायला फायनलीऐवजी जावा ७ चं ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा, म्हणजे बंद करतानाच एरर आली तरी ती तुमच्या मूळ एक्सेप्शनला सप्रेस्ड म्हणून जोडली जाते, मूळ हरवत नाही. कंपायलरला एक्सलिंट फायनली हा पर्याय दिलात तर असे रिटर्न तो स्वतः दाखवतो, एकदा सगळ्या प्रोजेक्टवर चालवून बघा.

मुक्तछंद
रिटर्न काढला, टेस्ट पास. एक्सलिंट चालवलं तर अजून दोन ठिकाणी तेच निघालं, त्यातलं एक पुस्तक परत घेण्याच्या मेथडमध्ये. म्हणजे परतीची नोंद सेव्ह झाली नाही तरी स्क्रीनवर "पुस्तक जमा झालं" दिसत असणार. जुने लॉग काढून कुठल्या सभासदांच्या नोंदी राहिल्यात ते आता शोधायला घेतेय.